मिनाचं खोरं: हद्द कुठे, खडे किती आणि पाच दिवसांत नेमकं काय चुकतं

प्रश्न थोडक्यात असा आहे: आई-वडील सत्तरीच्या आसपासचे, मुंबईहून पहिल्यांदाच हजला निघालेत. मूळ गाव रत्नागिरीकडचं, म्हणजे मजहब (धर्मनियमांची परंपरा) शाफई. पण गटातले बहुतेक हाजी मराठवाड्यातले, हनफी. मिनामध्ये पाच दिवस काय करायचं, घोटाळे कुठे होतात, आणि या जागेला एवढं महत्त्व का?

शेवटचा प्रश्न आधी घेतो. जागा कळली की बाकीचे नियम पाठ करावे लागत नाहीत.

मक्केतल्या हरमपासून, म्हणजे काब्याभोवतीच्या मशिदीपासून, पूर्वेला सहा-सात किलोमीटरवर, दोन खडकाळ डोंगररांगांमध्ये अडकलेलं एक कोरडं खोरं म्हणजे मिना. लांबी साडेतीन किलोमीटरच्या आसपास. पश्चिमेचं टोक जमरतुल अकबा: हजमध्ये खडे मारायच्या तीन जागांपैकी (जमरात) एक, म्हणजे आपल्याकडे ज्याला ‘मोठा सैतान’ म्हणतात ते. पूर्वेचं टोक वादी मुहस्सिर, म्हणजे मिना आणि मुजदलिफा (9 तारखेची रात्र काढायची जागा) यांच्या मधली अरुंद पट्टी. दोन्ही बाजूंच्या डोंगरांचा आतला उतार मिनात धरतात, पलीकडचा धरत नाहीत. ही हद्द शरीयतने ठरलेली आहे. हाजींची संख्या लाखांनी वाढली, तरी खोरं तेवढंच राहिलं. मिनातली जवळपास प्रत्येक अडचण या एका गोष्टीतून निघते: जागा मोजकी, वेळ मोजका आणि सगळ्यांना एकाच वेळी तिथेच असायचं.

वादी म्हणजे नुसती दरी नव्हे. पाऊस पडला की वाहणारं आणि एरवी कोरडं असणारं ते पात्र असतं. मस्जिद-ए-खैफचं नावच त्यावरून आलंय. पुराच्या पात्रापेक्षा उंच, पण डोंगराच्या कड्यापेक्षा खाली असलेल्या उतारावरच्या जागेला अरबीत खैफ म्हणतात. तळ पडायचा तो अशाच ठिकाणी. इसवी सन 632 मध्ये निरोपाच्या हजच्या वेळी पैगंबर मुहम्मद (स.) यांचा मुक्काम इथेच होता. जिलहिज्ज या हजच्या महिन्याच्या 8 तारखेला ‘यौमे तरविया’ म्हणतात, म्हणजे पाणी भरून घेण्याचा दिवस. मिना आणि अरफातला (9 तारखेला थांबायचं मैदान) पाणी नसायचं, म्हणून हाजी आदल्या दिवशी मक्केत उंटांना पाजून, पखाली भरून निघत. 11 ते 13 तारखांना ‘अय्यामे तश्रीक’ म्हणतात, कारण कुर्बानीच्या मांसाच्या पट्ट्या कापून त्या याच खडकांवर उन्हात वाळवायच्या. दिवसांची नावंसुद्धा या खोऱ्यातल्या कामांवरून पडली आहेत.

इस्लामच्या सुरुवातीच्या इतिहासात मिनाचं खरं वजन पश्चिमेच्या टोकाला आहे. अकबा म्हणजे घाटाची चढण, खिंड. इसवी सन 620 मध्ये हजच्या मोसमात यस्रिबहून, म्हणजे आजच्या मदिनेहून, आलेली खजरज टोळीतली सहा माणसं इथे पैगंबरांना भेटली. पुढच्या वर्षी बारा जण आले, दहा खजरजचे आणि दोन औस टोळीचे. त्यांनी पहिली बैअत, म्हणजे निष्ठेची शपथ घेतली. त्यांच्यासोबत मुसअब बिन उमैर यांना शिकवायला पाठवलं गेलं. 622 मध्ये 73 पुरुष आणि दोन स्त्रिया आल्या. आपल्याच टोळीतल्या इतर यात्रेकरूंना कळू नये म्हणून रात्रीचा एक-तृतीयांश भाग उलटल्यावर ते एकेक-दोनदोन करत तळावरून निसटले आणि या खिंडीत जमले. पैगंबरांचे चुलते अब्बास तेव्हा मुसलमान नव्हते, तरी पुतण्याच्या सुरक्षेची खात्री करून घ्यायला ते हजर होते. बारा नकीब, म्हणजे प्रतिनिधी, निवडले गेले: नऊ खजरजचे, तीन औसचे. त्या दोन स्त्रियांपैकी नुसैबा बिन्त कअब पुढे उहुदच्या लढाईत पैगंबरांच्या बचावासाठी उभ्या राहिल्या. या शपथेनंतर काही महिन्यांतच हिजरत, म्हणजे पैगंबरांचं मक्केहून मदिनेला स्थलांतर, झाली. म्हणजे जिथे आज लाखो लोक खडे मारून पुढे सरकतात, त्याच्या हाकेच्या अंतरावर हिजरी सनाची पायाभरणी झाली.

अब्बासी खलिफा अबू जाफर अल-मन्सूर यांनी हिजरी 144 मध्ये त्या जागी मशीद बांधली: मस्जिद-ए-बैअत. बुटकी, साधी, बऱ्याच अंशी उघडी. ती डोंगराच्या आड होती. जमरातच्या विस्तारासाठी डोंगर कापल्यावर मोकळ्यावर आली. मोठ्या सैतानापासून मक्केच्या दिशेने निघालं की उजव्या हाताला असते. आई-वडिलांना दाखवायची तर गर्दीच्या दिवशी नको. 13 तारखेला किंवा हजच्या आधी कधीतरी दाखवा.

आता पाच दिवस. 8 तारखेला एहराम (हजचा पोशाख आणि त्याची बंधनं) बांधून मिनात यायचं आणि जोहरपासून (दुपारची नमाज) 9 तारखेच्या फजरपर्यंत (पहाटेची नमाज) पाच नमाजा तिथे पढायच्या. प्रत्यक्षात भारतीय हाजींच्या बस 7 आणि 8 च्या मधल्या रात्रीच सुटतात, त्यामुळे सामान 7 ला संध्याकाळी तयार हवं. सामान म्हणजे एक पाठपिशवी: एक जोड कपडे, एक जास्तीचा एहराम, पातळ चादर, औषधं, ओआरएसची पाकिटं, पाण्याची फवारणी करायची बाटली, वासाविना साबण, नखकात्री (एहराम सोडल्यावरच), चपलांचा दुसरा जोड आणि खड्यांसाठी लहान कापडी पिशवी. तंबूत माणसाला जेमतेम गादीएवढी जागा मिळते. चाकांची बॅग आणली की ती कुणाच्या तरी पायाशीच ठेवावी लागते. संडास-न्हाणीघरांच्या रांगा अजानच्या आधीच्या तासाभरात सर्वांत लांब असतात, म्हणून वयस्कांनी दीड तास आधी उरकून वुजू (नमाजेआधी हातपाय-तोंड धुणं) करून बसावं.

तंबू शोधता न येणं ही सर्वांत जास्त वेळा होणारी चूक. एक लाखाहून जास्त तंबू, सगळे पांढरे, सगळे सारखे. मकतब (तंबूंच्या एका गटाची व्यवस्था पाहणारं कार्यालय) क्रमांक, तंबू क्रमांक आणि जवळच्या रस्त्यावरच्या खांबाचा क्रमांक, या तिन्ही गोष्टी कागदावर लिहून आई आणि वडील दोघांच्याही खिशात वेगवेगळ्या द्या. एकाच मोबाइलवर भिस्त ठेवू नका. बॅटरी संपते आणि गर्दीच्या वेळी फोन लागत नाही. मस्जिद-ए-खैफ आणि जमरात या दोन खुणा धरून आपला तंबू कोणत्या बाजूला आहे, हे 8 तारखेलाच उजेडात एकदा चालून पाहावं.

तंबू ‘न्यू मिना’त मिळाला असेल तर घाबरू नका. ती जागा हद्दीबाहेर, मुजदलिफाच्या बाजूला आहे. मिनात जागाच नसल्याने तंबूंची ओळ सलग पुढे वाढवली आहे, आणि जागा न मिळालेल्याने या सलग तंबूंत राहिलं तर चालतं, असं आजचे अनेक उलेमा (धर्मपंडित) सांगतात. पण इथे मजहबाचा फरक लक्षात घ्या. तश्रीकच्या रात्री मिनात काढणं हनफींकडे सुन्नत (करावं, पण सक्ती नाही) आहे, शाफईंकडे वाजिब (बंधनकारक), आणि रात्रीचा निम्म्याहून अधिक भाग तिथे काढला पाहिजे. सगळ्या रात्री चुकल्या तर दम, म्हणजे एक बकरा, द्यावा लागतो. त्यामुळे 10 ला तवाफे जियारतसाठी (हजची काब्याची मुख्य प्रदक्षिणा) मक्केत गेलेले गटातले कुणी म्हणाले, “आज अजीजियातल्या खोलीवरच झोपू, सुन्नतच तर आहे,” तर त्यांचं त्यांच्यापुरतं चालून जाईल. तुमच्या आई-वडिलांनी मात्र मिनात परतावं. जमरातपासून हरम पायी तास-दीड तासाचं अंतर आहे, आणि परतताना चढ लागतो.

नमाजांचा मुद्दाही तंबूत वादाचा होतो. चार रकातींच्या (नमाजेची आवर्तनं) दोन कराव्यात की पूर्ण पढाव्यात, हा प्रश्न खलिफा उस्मान (रजि.) यांच्या काळापासून आहे, त्यांनी मिनात पूर्ण चार पढल्या आणि सहाबांमध्ये (पैगंबरांचे सोबती) त्यावर चर्चा झाली. हनफी आणि शाफई दोघेही कस्र, म्हणजे चारच्या दोन करणं, प्रवासीपणावर ठरवतात, फक्त मोजणी वेगळी: हनफींकडे एका ठिकाणी पंधरा दिवस राहण्याचा इरादा, शाफईंकडे येण्या-जाण्याचे दिवस सोडून चार. आता मक्का शहर वाढत मिनाला भिडलंय, म्हणून दोन्ही एकच ठिकाण धरायचं का, यावर उलेमांची मतं वेगळी आहेत. निघण्याआधी आपल्या आलिमांना आपल्या प्रवासाच्या तारखा सांगून एकदा विचारा आणि तेच धरा. तंबूत दर नमाजेला नवा फतवा ऐकत बसलं की मन थकतं.

9 ला अरफात, रात्र मुजदलिफात, आणि खडे तिथेच वेचायचे. आकार हरभऱ्याएवढा, फार तर थोडा मोठा. वाटाण्याच्या दुपटीचा नको. धुवायची गरज नाही. हिशोब असा: 10 तारखेला फक्त मोठ्या सैतानाला 7, 11 ला तिन्हींना सात-सात म्हणजे 21, 12 ला 21. एकूण 49. 13 ला थांबलात तर आणखी 21, म्हणजे 70. वर दहा-बारा जास्तीचे ठेवा, कारण काही निसटतात, काही खडे पडायच्या हौदाबाहेर जातात. शाफईंकडे दगडच हवा. सिमेंटचा तुकडा किंवा मातीचं ढेकूळ चालत नाही. रोजचे खडे वेगळ्या पुड्यांत मोजून बांधा. गर्दीत उभं राहून एकवीस मोजता येत नाहीत.

मारताना एकेक खडा वेगळा, प्रत्येकाला ‘अल्लाहु अकबर’. साती एकदम फेकले तर तो एकच धरला जातो. खडा भिंतीला लागलाच पाहिजे असं नाही, हौदात पडला पाहिजे. पहिल्या खड्याबरोबर तलबिया (‘लब्बैक’चा घोष) थांबते. मोठ्या सैतानाजवळ पैगंबर कसे उभे राहिले ते नोंदलेलं आहे: काबा डाव्या हाताला, मिना उजव्या हाताला. 11 आणि 12 ला क्रम लहान, मधला, मोठा. शाफईंकडे हा क्रम अट आहे, चुकला तर पुन्हा मारावे लागतात. लहान आणि मधल्यानंतर बाजूला होऊन किब्ल्याकडे (काब्याच्या दिशेला) तोंड करून दुआ मागायची. मोठ्यानंतर थांबायचं नाही. जोडे, छत्र्या, शिव्या यांतलं काहीच रमीत, म्हणजे खडे मारण्याच्या विधीत, बसत नाही. समोरची भिंत सैतान नव्हे, ती खूण आहे; इबादत आज्ञापालनाची आहे, रागाची नाही.

2004 पर्यंत इथे खांब होते. आता 26 मीटर लांबीच्या लंबगोल भिंती आहेत, आणि 2006 नंतर बांधलेला पाच मजली जमरात पूल 950 मीटर लांब, 80 मीटर रुंद आहे. तासाला तीन लाख माणसांची ये-जा धरून त्याची आखणी केलेली आहे. मजला आपण निवडायचा नसतो, तंबूकडून येणारा रस्ता ज्या मजल्यावर नेतो तोच घ्यायचा. सगळे भिंतीचं पहिलं टोक दिसताच थांबतात आणि तिथेच कोंडी होते. पंधरा-वीस मीटर पुढे चालत जा. भिंतीच्या मधल्या आणि शेवटच्या भागाशी हातभर अंतरावर उभं राहायला जागा मिळते. वाट एकेरी आहे. मागे वळायचं नाही, पडलेली चप्पल किंवा चश्मा उचलायला वाकायचं नाही, पिशवी न्यायची नाही. चुकामूक झाली तर भेटायचं ठिकाण पुलावर नको, बाहेर पडण्याच्या वाटेनंतरचं ठरवा.

हे इतक्या ठासून सांगण्याला कारण आहे. 12 जानेवारी 2006 ला, जिलहिज्जच्या 12 तारखेला, दुपारी पुलाच्या पूर्वेच्या तोंडाशी साडेतीनशेच्या आसपास माणसं दगावली. जवाल होताच, म्हणजे सूर्य माथ्यावरून ढळताच, खडे मारून लगेच मक्केला निघायचं म्हणून लोक सामानासकट आले होते. सामान पडलं, त्यावर माणसं अडखळली, मागचा लोंढा थांबला नाही. 24 सप्टेंबर 2015 ला, 10 तारखेला सकाळी, 204 आणि 223 क्रमांकाचे रस्ते मिळतात तिथे दोन प्रवाह एकमेकांवर आले. अधिकृत आकडा 769 मृत्यूंचा आहे. देशोदेशींच्या सरकारांनी दिलेल्या आकड्यांची बेरीज दोन हजारांच्या वर जाते. अशा ठिकाणी माणसं तुडवली जाण्यापेक्षा छाती दाबली जाऊन श्वास अडकल्याने जास्त मरतात. एका चौरस मीटरमध्ये सहा-सात माणसं झाली की आपण चालत नसतो, गर्दी आपल्याला वाहून नेत असते. तिथे उलट दिशेने जोर लावू नये. दोन्ही हात मुठी करून छातीपुढे धरावेत, म्हणजे श्वासापुरती जागा राहते. आणि लाट ओसरते त्या क्षणी तिरकं, कडेकडेने सरकावं. ओरडण्यात दम घालवू नये. याहून सोपा उपाय म्हणजे तिथे त्या वेळी नसणं.

वेळ अशी निवडा. 10 तारखेला शाफई मजहबात मध्यरात्रीनंतर, म्हणजे रात्र निम्मी सरल्यावर, रमी करता येते. त्यामुळे आई-वडील मुजदलिफात अर्धी रात्र काढून निघू शकतात. हनफींची वेळ फजरपासून सुरू होते आणि सूर्योदयानंतर सुन्नत, शिवाय त्यांच्याकडे मुजदलिफातलं थांबणं पहाटेनंतर वाजिब आहे. अशक्तांना त्यातून सूट आहे. म्हणजे गट एकाच बसने निघेलच असं नाही, हे आधीच बोलून ठेवा. 11 आणि 12 ला दोन्हींकडे वेळ जवालनंतर सुरू होते. त्याआधी मारलेले खडे या दोन्ही मजहबांच्या प्रचलित मतानुसार भरत नाहीत. पण जवालला तिथे हजर असण्याची घाई नको. 11 ची रमी इशानंतर (रात्रीची नमाज) केली तरी होते, आणि वयस्क, बायका, आजारी यांना त्यात कमीपणा काहीच नाही. सौदी प्रशासन प्रत्येक मकतबला वेळ ठरवून देतं. ती पाळावी, मोडू नये.

अडचण 12 ला येते. त्या दिवशी निघायचं असेल तर शाफईंनी सूर्यास्ताच्या आत मिनाची हद्द सोडायला हवी. मिनात सूर्य मावळला की ती रात्र आणि 13 ची रमी गळ्यात पडते. निघून वाटेत गर्दीत अडकलेल्याला सूट आहे. तंबूत बसून राहिलेल्याला नाही. हनफींकडे मावळल्यानंतर निघणं मकरूह (नापसंत) आहे, पण 13 च्या पहाटेआधी हद्द सोडली तर रमी लागत नाही. म्हणून गटप्रमुख “मगरिबनंतर निवांत निघू” म्हणाले तर ते हनफी हिशोबाने बोलत आहेत. तुमच्या आई-वडिलांपुढे दोनच सरळ वाटा आहेत: असरच्या (दुपारनंतरची नमाज) सुमारास रमी करून बाहेर पडणं, नाहीतर ठरवूनच 13 पर्यंत थांबणं. प्रकृती साथ देत असेल तर दुसरी वाट उत्तम. पैगंबर स्वतः 13 पर्यंत थांबले होते, आणि त्या दिवशी खोरं निम्म्याहून अधिक रिकामं असतं. मुआल्लिमकडे (हाजींची सोय पाहणारा) मात्र 13 ला तंबू, जेवण आणि बस आहे का, हे 11 लाच विचारून घ्या.

खरोखर चालवतच नसेल तर दुसऱ्याला वकील करता येतं, म्हणजे आपल्या वतीने खडे मारायला नेमता येतं. नुसत्या गर्दीच्या भीतीने नाही. उभं राहून किंवा व्हीलचेअरवरही जाता येत नसेल तेव्हा. वकिलाने आधी स्वतःचे खडे मारायचे, मग त्यांचे.

10 तारखेच्या क्रमातही असाच फरक आहे. रमी, कुर्बानी, मग केस काढणं हा क्रम हनफींच्या प्रचलित मतात तमत्तुअ आणि किरान (हजसोबत उमराही करण्याचे दोन प्रकार) करणाऱ्यांवर वाजिब आहे, शाफईंकडे सुन्नत. कुर्बानीचं कूपन घेतलेल्या हनफी सोबत्यांनी त्यावरची वेळ पाहून मगच केस काढावेत. तवाफे जियारत हनफींना 12 च्या सूर्यास्ताच्या आत करावा लागतो; शाफईंना शेवटची मुदत नाही, त्यामुळे 10 च्या थकव्यात आईला ओढत नेण्याची गरज नाही.

आगीबद्दल. 15 एप्रिल 1997 ला इथे 343 जण मेले आणि सुमारे 70 हजार तंबू जळाले. त्यानंतर कापडी तंबू गेले आणि टेफ्लॉनचा लेप दिलेले काचतंतूंचे तंबू आले. ते सहजी पेट घेत नाहीत. तंबूत गॅस आणि स्वयंपाक बंद झाला. चहासाठी कुणी छोटी शेगडी काढली, तर ते साधं समजून गप्प बसू नका, मकतबच्या माणसाला सांगा.

उन्हाचं संकट आजही तितकंच मोठं आहे. जून 2024 च्या हजमध्ये पारा 51 अंशांवर गेला आणि सौदी सरकारच्या आकड्यानुसार 1,301 जण दगावले. त्यातले बहुसंख्य परवानगीशिवाय आलेले, म्हणजे तंबू, बस, थंड जागा काहीच हक्काची नसलेले. दोन्ही बाजूंचे डोंगर दिवसभर तापतात आणि संध्याकाळीही धग सोडत राहतात. सकाळी 10 ते 4 तंबूबाहेर पडू नये. एहरामात पुरुषांना डोकं झाकता येत नाही, पण छत्री चालते. तहान लागण्याची वाट न बघता दर अर्ध्या तासाला थोडं पाणी, आणि दिवसातून दोनदा ओआरएस. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर प्रमाण डॉक्टरांना आधी विचारून ठेवा. घाम थांबला, बोलणं असंबद्ध झालं, कातडी तापली, तर ते थकणं नसतं, तो उष्माघात असतो. अंग ओलं करा, वारा घाला, लगेच दवाखान्यात न्या.

जाताना एक जागा नजरेआड होते. मिनाहून निघून मक्केच्या वाटेवर पैगंबर मुहस्सबला उतरले. यालाच खैफ बनी किनाना म्हणतात. कुरैशांनी बनू हाशिमवर बहिष्कार टाकायची शपथ याच ठिकाणी घेतली होती, आणि पैगंबरांनी मुद्दाम त्या जागेचं नाव घेऊन तिथे मुक्काम केला. जोहरपासून इशापर्यंतच्या नमाजा तिथे झाल्या, थोडी झोप झाली आणि मग रात्री निरोपाचा तवाफ. आज तिथे दाट वस्ती आहे आणि हाजींच्या बस थांबत नाहीत. पण जमरातकडून हरमकडे उतरताना ती वस्ती वाटेतच लागते. बसच्या खिडकीतून वडिलांना दाखवता येईल.